उशिरा येणाऱ्याचा चहा

“आणि तुझ्या जागी कोण बसेल?” विहारातल्या आपल्या खोलीत बसलेल्या भन्त्यांनी विचारलं.

इतका वेळ उत्पला मेश्राम आपलं शिक्षण, आपला अनुभव, आपल्या हातून सुधारलेली माणसं असं सगळं सांगत होती. आणि म्हाताऱ्यानं नेमकं तेच विचारलं, जे तिनं गाळलं होतं.

“असं कुणी नाही, भन्ते. माझ्यावाचून तिथं पान हलत नाही.”

हे तिनं मान ताठ करून सांगितलं. तिच्या मते हीच तिची सगळ्यात मोठी लायकी होती.

उत्पला वैनगंगेकाठच्या एका लहान गावात, प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशक होती. मनाचं दुखणं असो की दारू, माणूस तिच्याच टेबलाशी यायचा. दर शुक्रवारी दुपारी विहाराच्या सभागृहात ती दारू सोडलेल्यांची आणि सोडू बघणाऱ्यांची बैठक घ्यायची. ही बैठक मुळात भन्ते खेमधम्मांनी सुरू केलेली. उत्पलाला हे काम शिकवलं तेही त्यांनीच. आता ते थकले होते, आणि बैठक म्हणजे उत्पला असं गावानं गृहीत धरलं होतं. उत्पलानं तर गावाच्याही आधी.

यंदा शहरातल्या एका संस्थेनं असं काम करणाऱ्यांच्या पुढच्या शिक्षणासाठी निधी काढला होता. तालुक्यातून एकालाच पाठवायचं. फी, राहणं, जेवण सगळं निधीतून. मागं राहून त्याचं काम जो सांभाळेल, त्याचं मानधनसुद्धा निधीतूनच. अट एवढीच, की तो सांभाळणारा माणूस जाणाऱ्यानं आधी दाखवायचा. कुणाला पाठवायचं ते भन्त्यांनी सांगायचं होतं, आणि संध्याकाळी संस्थेचा फोन येणार होता.

“मग तू जाशील कशी?”

“बैठक बंद ठेवू. मी परत आले की पुन्हा सुरू.”

“आणि दारूचं दुकान?”

“ते कसं बंद राहील, भन्ते?”



उत्पलानं घड्याळाकडे पाहिलं आणि ती उठलीच. “मी येते. बैठकीची वेळ झाली. सगळे बाहेर उन्हात उभे असतील. सभागृहाची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.”

“दुसरी किल्ली?”

“केलीच नाही. एकाकडे असलेली बरी. नाहीतर कुणीही उघडतं आणि कसंही चालवतं.”

“बस.”

“भन्ते, ते...”

“बस, उत्पला.”

ती बसली. पण जीव सगळा बाहेर.

“तुला तर सगळं येतं,” भन्ते म्हणाले. “मग शिकायला जायचं कशाला?”

टोमणा होता की साधा प्रश्न, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. ती काहीतरी ठोकून देणार होती. नवीन पद्धती, बदलता काळ, असलं काही. तोंडापर्यंत आलेलं तिथंच राहिलं.

“येत नाही,” ती म्हणाली. “सगळं येत नाही, भन्ते.”

...

“गोमा आठवतो तुम्हाला? विटांच्या भट्टीवरचा. त्यानं दारू सोडली. मी सगळ्यांना त्याचं उदाहरण द्यायची. मग तो सांगायला लागला, रात्री भिंतीतून कुणी बोलतं. मी म्हटलं, सोडल्यावर काही दिवस होतं असं, जाईल. दर शुक्रवारी मी त्याला दारूचंच विचारत राहिले. तो भिंतीचं सांगायचा, मी दारूचं विचारायची. एका सकाळी तो नदीत शिरला. लोकांनी ओढून काढला म्हणून वाचला. आता शहरात दवाखान्यात आहे. त्याची बायको मला म्हणाली, ‘मॅडम, तुमाले कसं नाही समजलं?’”

तिनं डोळे पुसले नाहीत. पदर हातातच धरून ठेवला.

“मला जेवढं येत होतं तेवढं संपलं, भन्ते. उद्या दुसरा गोमा येईल. म्हणून जायचंय.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“हे काय लायकी म्हणून सांगायचं?”

भन्ते उठले. गुडघ्यावर हात टेकत खिडकीशी गेले आणि त्यांनी तिला खुणेनं बोलावलं.

सभागृहाला कुलूप होतं. उन्हात मात्र कुणी उभं नव्हतं. सगळे पिंपळाच्या सावलीत, पारावर बसले होते. चपला पाराच्या पायरीशी काढलेल्या. मधोमध वच्छलाबाई. एके काळी ही बाई घरीच मोहाची दारू गाळायची, विकायची आणि उरलेली स्वतः प्यायची. आता दर शुक्रवारी घरून चहाची किटली आणायची, एवढंच तिचं बैठकीतलं काम. निदान उत्पलाला तसं वाटायचं.

“मॅडम नाही आल्या काहून?” कुणीतरी विचारलं.

“येतीन. काम असन,” वच्छलाबाई म्हणाली. “आपन आलो ना? मंग बसा. माह्यापासून सुरू करते. मी वच्छला. या हप्त्यात मन लय भरकटलं...”

बैठक सुरू झाली होती.

उत्पलाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चक्क वाईट वाटलं. किल्ली पर्समध्ये असून काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात फाटकातून डोमाजी आला. मान खाली, चाल जड. गावातून विहाराकडे येणारा रस्ता देशी दारूच्या दुकानावरूनच येतो. म्हणून भन्त्यांनी पहिल्याच शुक्रवारी नियम घालून दिला होता: उशिरा आलेल्याला कारण विचारायचं नाही. त्यानं दाराशी, चपलांजवळ बसायचं आणि पहिला चहा त्याला द्यायचा.

इथं दार नव्हतं. डोमाजी पायरीवर, चपलांशेजारी टेकला. बोलणं थांबलं नाही. वच्छलाबाईनं बोलता बोलताच किटली उचलली, कप भरला आणि हातोहात त्याच्याकडे पाठवला. डोमाजीनं तो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ नुसता धरून ठेवला, मग प्यायला.

उत्पला बघत राहिली. ती तिथं असती, तर तिनं वेगळं काय केलं असतं, ते तिला सापडेना.

“वच्छलाबाई,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“तुम्ही विचारलं होतं ना... माझ्या जागी कोण.”

भन्त्यांनी हात पुढे केला. उत्पलानं पर्स उघडली आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. ठेवताना बोटं जरा रेंगाळली.

भन्ते काठी टेकत बाहेर गेले, मागोमाग उत्पला. सभागृहाच्या दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीत एक खिळा होता. येणाऱ्याजाणाऱ्या कुणाचाही हात पोचेल, असा. त्यांनी किल्ली त्या खिळ्याला अडकवली.

“संध्याकाळी तुझं नाव सांगतो,” ते म्हणाले.

उत्पलाला हायसं वाटलं, तरी नजर खिळ्यावरच्या किल्लीकडे गेली. पारावर कुणीतरी काही बोललं आणि सगळे हसले. डोमाजीसुद्धा.

“भन्ते...”

“हं.”

“मी परत येईन तेव्हा... मी कुठं बसू?”

भन्ते पिंपळाकडे बघत होते.

“चपलांजवळ,” ते म्हणाले. “पहिला चहा तुला.”