पाण्यात एकही बुडबुडा नाही

एकदा एका माळरानावरच्या गावी चाके बांधणारा एक वृद्ध कारागीर राहत असे. दगडधोंड्यांच्या वाटांवर मोटारसायकली पळवणारे शर्यतबाज त्यांना वस्ताद म्हणत. इंद्रजित हा त्यांचा सर्वांत हट्टी शिष्य, आणि त्याचा धाकटा भाऊ धैर्यशील हा त्या पंचक्रोशीतला सर्वांत धाडसी स्वार.

एका शर्यतीत धैर्यशील सगळ्यांच्या पुढे होता, आणि दगड व रिम यांच्यामध्ये चिमटून त्याची ट्यूब फुटली. इंद्रजितच्या ते जिव्हारी लागले. यापुढे ट्यूबच नको, असे त्याने ठरवून टाकले. पण स्पोकच्या चाकाची गोष्ट निराळी. एकेक तार जिथे रिममध्ये शिरते तिथे भोक असते, आणि ट्यूब काढली की त्या प्रत्येक भोकातून हवा निसटते. इंद्रजितने भावाच्या गाडीच्या पुढच्या चाकाचे एकूणएक भोक आतून, सुकून कडक होणाऱ्या लुकणाने बुजवले, वर चिकटपट्टी ओढली, ट्यूबलेस टायर चढवला, आणि हवा भरून चाक पाण्यात बुडवले. एकही बुडबुडा आला नाही. एवढा मोठा बाप्या, पण अंगणभर नाचला.

वस्ताद म्हणाले, "झ्याक केलंस. पर तारा ढिल्या पडणारच. त्या आवळताना काय करशील रं?"

तारा आवळायच्या म्हणजे त्यांच्या टोकाचे निपल पान्याने फिरवायचे, आणि ते फिरले की आतले लुकण तडकायचे. इंद्रजितला हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्याने तारांना हात लावणे सोडून दिले! रोज सकाळी तो हवा तपासून पाही. हवा जशीच्या तशी असे, आणि त्याचा दिवस आनंदात जाई. माणूस आपल्या एखाद्या कामावर भाळला की त्याला दुसरे काही दिसेनासे होते.

पुढच्या शर्यतीत एका उंच उडीनंतर ढिल्या पडलेल्या तारांचे ते चाक जमिनीला टेकले आणि एका अंगाला वाकले. धैर्यशीलच्या उजव्या पायाचा चेंदामेंदा झाला. तो पुन्हा गाडीवर बसणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

इंद्रजितने ते वाकडे चाक वस्तादांपुढे आणून टाकले. "वस्ताद, आता म्या पान्याला हात लावणार न्हाई."

वस्ताद उठले, ते चाक उचलून त्यांनी पाण्याच्या टाकीत बुडवले आणि वाकून बघत राहिले. एकही बुडबुडा वर आला नाही.

"चेष्टा करताय व्हय माझी?" इंद्रजितला रडू आवरेना.

"चेष्टा न्हाई लेकरा. बघ, हवा अजून हाय तशी हाय. तू हवा राखलीस आन् चाक घालवलंस. एखादी वस्तू लई जपायची म्हटलं की माणूस तिला हात लावायलाच भितो. पर जपायचं म्हंजे हात लावायचा, रोजच्या रोज. त्यात थोडी हवा जाणारच. हवा काय, परत भरता येती."

या बोलण्याने इंद्रजितला धीर आला नाही. खरे म्हणजे खरे बोलण्याने धीर येतोच असे नाही. अपघातापासून तो भावाशी औषधाचे आणि जेवणाचे तेवढे बोलत असे. त्या संध्याकाळी मात्र तो त्याच्या खाटेपाशी जाऊन बसला.

"धैर्या, म्या तारा आवळल्याच न्हवत्या. लुकण तुटंल म्हणून."

धैर्यशील आढ्याकडे बघत होता. "ठावं हाय दादा. सरावालाच हँडल थरथरत हुतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू एवढ्या हौसेनं केलेलं. तुला वाईट वाटलं असतं."

इंद्रजितने मान खाली घातली. बोलायचे ते आता बोलून झाले होते, आणि त्याचा काही उपयोग उरला नव्हता.