गोजरीची दूधभाकरी

फार पूर्वी, मांजरं माणसांशी सरळ बोलत असत तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या झोपडीत रखमाजी नावाडी आणि त्याची मांजर गोजरी राहत. एकदा गोजरीला ताप भरला. रखमाजीने नाव बांधून ठेवली आणि तिला मांडीवर घेऊन बोटाने माशाचं सार चाटवलं.

ताप उतरला, पण गोजरी नेहमीच्या दूधभाकरीला तोंड लावेना. नुसत्या साराने तिच्या अंगात ताकदही येईना.

"अगं, बरगड्या दिसायला लागल्या तुझ्या. दोन घास तरी खा," रखमाजी काकुळतीने म्हणाला.

"भाकरीला वास येतो," गोजरी म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कडक आहे." तिसऱ्या दिवशी मात्र तिला कारण सुचेना. ती पुटपुटली, "मी भाकरी खाल्ली की तू म्हणशील, बरी झाली. मग ताटली दाराशी सरकवून निघून जाशील."

आजवर रखमाजी तसंच करत आला होता.

त्या दिवसापासून तो सारात चिमूटभर भाकरी कुस्करू लागला आणि स्वतःची थाळी घेऊन तिच्याशेजारी बसू लागला. रोज भाकरी थोडी वाढे, सार थोडं कमी होई. आठव्या दिवशी ताटलीत नुसती दूधभाकरी होती.

"सार विसरलास," गोजरी म्हणाली.

"विसरलो नाही," रखमाजी म्हणाला आणि आपला घास मोडू लागला.

गोजरीने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि ताटली चाटूनपुसून साफ केली. पलीकडच्या काठावरून हाका येत होत्या.

"जा आता, लोक खोळंबलेत," ती म्हणाली. "पण जेवायला ये. मी थांबते."