दोन सेट आणि एक स्टूल

“पण चाचा, ज्योत तर दोन्हींत सारखीच येणार ना?”

आमच्या ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

हमीदचाचा शिकलगार चहा फुंकत राहिले. बार्शीतल्या त्यांच्या याच शेडमध्ये हे सहा वर्षं गॅस वेल्डिंग शिकले. सोमवारी ह्यांची स्वतःची शेड सुरू व्हायची होती. लग्नाला पाच आठवडे झाले होते, आणि घरात त्या शेडशिवाय दुसरा विषय नव्हता.

दुकानदाराने पसंतीसाठी दिलेले दोन सेट समोर उघडे पडले होते. दोन्हींत वेल्डिंगची टॉर्च, कटर, नळ्या. स्वस्तातल्या सेटमध्ये तीन नोझल जादा. महागातल्या सेटमध्ये दोन छोटी पितळी नळकांडी. ज्योत उलटी फिरून नळीत शिरलीच, तर तिला अडवणारी.

स्वस्तातल्या पेटीवर गॉगल घातलेल्या माणसाचं चित्र होतं. आत गॉगल नव्हता. मी दोनदा पाहिलं.

“ही नळकांडी कधी लागायची?” हे म्हणाले. “सहा वर्षांत एकदा तरी माझी ज्योत उलटली?”

“नाही.”

“मग? हात बसलाय माझा.”

चाचांनी कपाळ खाजवलं. त्यांना डावी भुवई नाही. लग्नात पाया पडताना ते माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून ह्यांना विचारायचं राहिलंय.

“बरं.” चाचांनी कप खाली ठेवला. “जोड स्वस्तातला.”

ह्यांनी झरझर जोडला. निळी नळी, लाल नळी. चाचा सिलिंडरपाशी जाऊन उभे राहिले, हात चावीवर. मग स्वतःचं कामाचं लोखंडी स्टूल त्यांनी पायाने सरकवत दोन नळ्यांच्या मधोमध आणलं.

“सूनबाई, बस इथं.”

मी बसले. लाल नळी पायाला लागत होती. नव्या रबराचा वास येत होता.

“पेटव आता, वैजू.”

ह्यांच्या एका हातात टॉर्च, दुसऱ्यात लायटर.

“तिला उठवा ना, चाचा.”

“का? माल चांगलाय म्हणालास.”

“चांगलाच आहे.”

“हात बसलाय म्हणालास.”

“बसलाय.”

“मग पेटव.”

…

मला बसल्या जागेवरून दिसत होतं. चाचांनी चावी फिरवलीच नव्हती. दोन्ही सिलिंडर बंद होते. सहा वर्षं शिकलेल्या माणसाला ते दिसलं नाही, आणि मीही काही बोलले नाही.

मला गॅसची भीती नव्हती. हे पेटवतील, याची होती.

मी दोन्ही हात पदरात घट्ट धरले.

लायटर वर आला. टॉर्चच्या तोंडापाशी थांबला.

“मी एकटा असतो तेव्हा वेगळं असतं, चाचा. मला सवय आहे.”

“नळीला आहे?”

…

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. ह्यांच्या मानेवरून घामाचा एक थेंब कॉलरमध्ये गेला.

ह्यांनी लायटर खिशात घातला. टॉर्च जमिनीवर ठेवली, अगदी हळू, जणू तीच आता पेटेल.

“मग तुम्हीच सांगा ना. कुठला घेऊ?”

एवढा लहान आवाज मी ह्यांचा पहिल्यांदाच ऐकला.

चाचांनी चावीवरचा हात काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

“ऊठ, पोरी. आता त्याला बसू दे तिथं. मग विचारू दे.”