धुंडिराजाचा छाप

“सिंह नको, हत्ती नको, सूर्य नको, कमळही नको. ते सगळे राजे छापतात!” राजा धुंडिराज बोटं मोजत म्हणाला. “माझं नाव नको, चेहरा नको. पण माझ्या पाचशे सेवकांचे अंगरखे असे छाप, की परमुलखातल्या माणसानं लांबून बघून म्हणावं, ही धुंडिराजाची माणसं!”

गणोबा छिपी हात जोडून म्हणाला, “मग छापू काय, महाराज?”

“छिपी तू की मी?”

मुदत आठ दिवसांची. जमलं नाही तर नदीचा घाट जाणार. त्या घाटावर छिप्यांची चाळीस घरं कापड रंगवून पोट भरत. तो दिवाणजींच्या मेहुण्याला बागेसाठी हवा होता. अट दिवाणजींनीच सुचवलेली, हुकूमही लिहून तयार. फक्त शिक्का बाकी. अशा कामात दप्तराला कधी उशीर होत नाही.

गणोबा घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची लेक सगुणा म्हणाली, “बाबा, राजाची ओळख राजाला काय विचारता? ती बाजारात कळते.”

ती बाजारात गेली. भाजीवालीला विचारलं, नावाड्याला विचारलं, परगावच्या व्यापाऱ्यांना विचारलं, “इथला राजा कशावरून ओळखता हो?” प्रत्येकानं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग कानात सांगितलं. सगळ्यांचं उत्तर एकच! सगुणा हसत घरी आली आणि सागवानी ठसा कोरायला बसली.

चौथ्या दिवशी दिवाणजी तपासणीला आले. कापड उलटून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. कोरंच.

“छापलंय कुठे?”

“छापलंय की, दिवाणजी,” सगुणा म्हणाली.

दिवाणजी जे उड्या मारत गेले, ते आठव्या दिवशी राजासह सगळा दरबारच घाटावर घेऊन आले. राजामागून घुंगरू वाजवत त्याची लाडकी बकरी, बिजली, आली. ती दरबारातही अशीच यायची, गालिच्यावर झोपायची. तिला हाकलायची छाती कोणाची?

“हे तर कोरं आहे!” राजा गरजला.

“आमचा छाप तुरटीचा, महाराज,” सगुणा म्हणाली. “ वाळला की दिसत नाही. मंजिष्ठेच्या रंगात उकळलं, की जिथे तुरटी तिथेच लाल चढतो. दिवाणजी जन्मभर आमचेच अंगरखे घालतात, त्यांना ठाऊक असेलच.”

दिवाणजींना खोकला आला.

सगुणानं कापड उकळत्या हंड्यात सोडलं, काठीनं ढवळलं, नदीत खळबळून वर काढलं. आधी कान दिसले. मग दाढी. मग ताठ शेपटी. लालभडक बकऱ्यांच्या रांगाच रांगा!



“बकरी?” राजाचा आवाज चिरकला. “माझी ओळख बकरी?”

“राजद्रोह आहे हा!” दिवाणजींनी हुकूम फडकवला. “शिक्का द्या, महाराज.”

“द्या खुशाल,” सगुणा म्हणाली. “पण आधी एक सांगा. झेंड्यावर सिंह सगळेच लावतात. सिंहाच्या दारात गेलेली बकरी परत आलेली कोणी पाहिलीय? तुमच्या दरबारात ती रोज जाते, गालिच्यावर झोपते, हवं ते खाते आणि धडधाकट परत येते. असा दुसरा राजा दाखवा, मी ठसा बदलते.”

राजा मिशीला पीळ देत विचारात पडला. “हवं ते खाते म्हणजे? काय खाल्लं तिनं?”

“मागे बघा, महाराज.”

बिजली हुकूम खात होती. अर्धा पोटात गेला होता, उरलेला दिवाणजी ओढत होते, आणि ओढाओढीत बिजलीच जिंकत होती.

राजा इतका हसला, की पागोटं घरंगळून नदीत गेलं. डोळे पुसत तो म्हणाला, “पाचशे अंगरखे हेच! पहिला दिवाणजींना घाला. आणि घाट छिप्यांना वंशपरंपरा दिला. पण लिखापढी कागदावर नको रे, ताम्रपट करा. तो बिजलीला चावता यायचा नाही!”