पुढच्या पायांचे दोन खूर

त्या राज्यात काहीच वाया जात नसे. मांस बाजाराकडे जाई, कातडे कमावणाऱ्यांकडे, आणि जे कुणालाच नको असे ते भिंतीपलीकडच्या अंगणात येई: शिंगे, केस, पिसे, खूर. अंगणाच्या मधोमध काहील होती. तिच्यात चुना आणि पाणी उकळत असे. आत जाणाऱ्याचा तपकिरी रस होई आणि पिंपात भरला जाई. त्या रसाचे पुढे काय होते हे अंगणातल्या कुणाला ठाऊक नव्हते. उपयोग होतो, एवढे सगळ्यांना सांगितले जाई, आणि सांगणाऱ्यांना तेवढे पुरेसे वाटे.

तिथे एकदा एकाच म्हशीच्या पुढच्या पायांचे दोन खूर आले. डाव्याला भेग होती. उजवा धडधाकट होता आणि त्याला त्याचा थोडा ताठाही होता. जन्मल्यावर जमिनीला आधी आपण टेकलो, हे तो कुणी न विचारता सांगे. डावा त्याला ते सांगू देई.

अंगणाचा एक रिवाज होता. काहील तापेपर्यंत प्रत्येकाने आपली हकिगत सांगायची. शिंगाने ज्या निंबावर अंग घासले त्याचे खोड सांगितले, कोंबड्याच्या पिसाने कौलावरचा वारा सांगितला. खुरांची वाट एकच होती, म्हणून ते ती पाळीपाळीने सांगत. बांधावरची ओली माती डाव्याने सांगायची, वळणावरचा तापलेला दगड उजव्याने. बाभळीच्या शेंगा डाव्याने, तळ्याचा उतार उजव्याने. ते दिवस परत येणार नव्हते. म्हणून तर ते रोज तेच सांगत, आणि बाकीचेही रोज तेच ऐकत.

उकळण्याची त्यांना फारशी भीती नव्हती. भीती होती ताटातुटीची. एका वेळी उकळलेल्या घाण्याचा रस एका पिंपात जाई, दुसऱ्याचा दुसऱ्यात, आणि पिंपे पुढे कुठे जात कोण जाणे. शेवटी दोघांनी सांडशीला गाठले. काहिलीत टाकायचे काम तिचे होते. ती काही वाईट नव्हती. तिच्यामागे काम फार होते, इतकेच.

"काठावर दोघं एकदम या," ती म्हणाली. "एका पकडीत उचलते. मागंपुढं झालात तर माझा इलाज नाही."

अट सोपी होती. दोघांनी तीन दिवस सराव केला आणि तीन दिवसांत त्यांना ती एकदाही जमली नाही. डावा निघाला की उजवा थांबे, उजवा निघाला की डावा. शिंग हसले, पिसे हसली. पण त्यात हसण्यासारखे काय होते? एकाने पुढे जायचे आणि दुसऱ्याने तोवर भार सोसायचा, हेच त्यांनी जन्मभर केले होते. दोघे कधी एकदम उचलले गेले असते तर म्हैस तोंडावर आपटली असती.

त्यांचा दिवस आला. सांडशीने खूण केली. डावा पुढे झाला. उजवा जागच्या जागी घट्ट उभा राहिला, आता नसलेला भार तोलून धरत.

"ये ना रे," डावा म्हणाला.

"तू टेक आधी," उजवा म्हणाला, "मग मी निघतो."

सांडशी मिटली. डावा जिथे गेला तिथे टेकायला जमीन नव्हती. उजवा दिवसभर त्याच्या टेकण्याची वाट पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या घाण्यात, तो एकटा गेला.

पिंपे राज्याच्या वखारीत गेली. अंगणात नवे खूर आले, नवी शिंगे आली.

पुढे एका उन्हाळ्यात राज्यातल्या तेलाच्या कोठाराला आग लागली. तेल वाहत गोठ्याकडे निघाले आणि आग त्याच्यावर स्वार होऊन निघाली. लोकांनी पाणी ओतले, तर पेटते तेल पाण्यावर तरंगून आणखी पसरले. गोठ्यातल्या म्हशी दाव्याला हिसके देत होत्या, पाय आपटत होत्या. तेव्हा कुणाला तरी वखारीतल्या पिंपांची आठवण झाली. हाताला लागली ती दोन पिंपे, पाठोपाठच्या दोन घाण्यांची, गड्यांनी गडगडत आणली, एक कोठाराच्या या अंगाला, एक त्या अंगाला. तपकिरी रसात पाणी मिसळले, वारा मिसळला, आणि पिंपांना जोडलेल्या नळ्यांच्या तोंडून दाट पांढरा फेस उसळला.

दोन्ही अंगांनी तो आगीवर एकाच क्षणी टेकला. मधोमध येऊन मिळाला, आणि मग या बाजूचा कोणता नि त्या बाजूचा कोणता हे कुणाला सांगता येईना. त्याच्याखाली आग गुदमरली. गोठ्यात एकेका म्हशीने पाय आपटायचे थांबवले.