उघाडीचं कुलूप

"...पण महाराज, आता तर सगळं सुरळीत चाललं होतं. मग आत्ताच का?"

विश्वंभरपंतांनी हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला. केदारगीर गोसावी मठीच्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होते. त्यांनी एक खडा काढला, निरखून पाहिला आणि बाजूला टाकला.

पंत दरबाराचे चिटणीस. त्यांनी मजकूर करायचा आणि राजानं शिक्का उठवायचा, अशी रीत पडून गेली होती. पंत बुद्धिमान होते याबद्दल राजधानीत कुणाला शंका नव्हती. खुद्द पंतांना तर मुळीच नव्हती.

केदारगीर त्यांचे बालपणीचे गुरू. पुढे ते राजधानी सोडून इथे, खाडीकाठच्या वसाहतीत येऊन राहिले होते. आणि याच वसाहतीत आता बंड झालं होतं.

दहा वर्षांपूर्वी दरबारानं घाटावरची काही घरं खाली आणून इथे वसवली. माणसं परकी नव्हती. बोली तीच, देव तेच, सोयरीकही अजून घाटावरच्याच घरांशी व्हायची.

त्यांनी खाडीला बांध घातला. आतली दलदल उपसून भात लावलं. बांधात एक झडप बसवली, तिला इकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडायची, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीच्या आत लावून घ्यायची, नाहीतर समुद्र भातात शिरतो.

भरती रोज दोन घटका पुढे सरकते. उघाडीवर एकेका घराची पाळी असे आणि पाळीच्या माणसाची झोप, जेवण, भांडण, सगळं त्या दोन घटकांबरोबर पुढे सरकत असे.

पहिल्याच वर्षी तापानं माणसं गेली. बांध दोनदा फुटला. तेव्हा कुणी बंड केलं नाही. उलट त्या दसऱ्यालाही त्यांनी राजाला आपट्याची पानं पाठवली.

मग दरबाराला त्यांची दया आली.

सागवानी झडप आली. तिला लोखंडी कुलूप आलं. किल्ली सांभाळायला सरकारी रखवालदार आला. सोबत पंतांच्या हातचा हुकूम होता: उघाडी सूर्योदयाला उघडावी, दोन प्रहरी लावावी. घाटावरच्या तलावाची मोरी तशीच उघडत असत. समुद्र काही तलावासारखा वागत नाही, हे राजधानीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही. निम्मं भात खारं पाणी पिऊन करपलं.

लोकांनी अर्ज केला. अगदी अदबीनं केला. दरबारानंही चूक मान्य केली, गेलेलं भात भरून दिलं. पंतांनी दोन जोशी कामाला लावून वर्षभराच्या भरती-ओहोटीचं कोष्टक करवून घेतलं, घटका-पळांसकट. त्यानंतर दोन पावसाळे एक रोपही वाया गेलं नाही.

आणि यंदा भादव्यात वसाहतकऱ्यांनी कुलूप फोडलं.

रखवालदाराला त्यांनी शिदोरी बांधून दिली आणि होडीत बसवलं. दरबाराचं निशाण उतरवून, नीट घडी घालून त्याच्याच हाती दिलं. इथून पुढे इथे दरबाराचा हुकूम चालणार नाही, एवढाच निरोप सांगितला.

"चूक होती तेव्हा अर्ज केला," पंत म्हणाले. "चूक सुधारली तेव्हा बंड. मला राग नाही, महाराज. मला हे खरंच समजत नाही."

केदारगीरांनी सूप हलकेच पाखडलं.

"तू कुणाला विचारलंस?"

पंतांनी सगळ्यांना विचारलं होतं. तीन दिवस ते दारोदार फिरले होते. उपासमार नव्हती. शेजारच्या राजानं फितवलं म्हणावं, तर त्याचं नावही कुणाला नीट सांगता येईना. बांधाला माती वाहताना जिचा नवरा गेला, त्या राहीबाईलाही त्यांनी विचारलं, की रखवालदार त्रास द्यायचा का.

न्हाई, मानूस चांगला हुता, असं ती म्हणाली.

मग उघाडी उशिरा उघडायचा का?

"न्हाई सरकार. अगदी येळेवर उघडायचा. आमी अंगणात बसून बगायचो."

पंतांनी टिपणात लिहिलं: तक्रार नाही.

खाडीच्या पैलतीरी जासूद घोडा घेऊन थांबला होता. त्याच्याजवळ आजच पत्र द्यायचं होतं. बंडाचं कारण काय, आणि ते मोडायला किती स्वार लागतील, एवढंच राजानं विचारलं होतं. ओहोटी आहे तोवरच खाडी पायी उतरता येणार होती. पत्र गेलं की आठवड्याच्या आत स्वारांची घोडी या भातात उभी राहणार, हे पंतांना पक्कं ठाऊक होतं. राहीबाईचं घर तर बांधाला लागूनच होतं.

त्यांनी कमरेचं कोष्टक काढून पाहिलं. भरतीला एक घटका उरली होती. कोष्टक बरोबर होतं.

"कारण काय लिहू, महाराज?"

केदारगीरांनी आणखी एक खडा बाजूला टाकला.

"कृतघ्नपणा, असं लिहू?"

केदारगीरांनी सूप खाली ठेवलं आणि हात धुतले.

"बस. लिहू आपण."

पंतांनी मांडी घातली, कागद सारखा केला, दौतीचं झाकण काढलं, बोरू उचलला. केदारगीर त्यांच्या पाठीशी येऊन बसले आणि त्यांनी पंतांची मूठ आपल्या मुठीत घेतली. पाच वर्षांच्या मुलाला श्री गिरवायला शिकवताना घेतात, तशी.

पंतांचे डोळे भरून आले. या हातानंच त्यांना पहिलं अक्षर दिलं होतं.

बोरू चालू लागला. सेवेसी साष्टांग नमस्कार, विज्ञापना ऐसी जे... अक्षर सुरेख होतं. मजकूर तर पंतांच्या मनात होता तोच, शब्दाला शब्द. गोसावी जणू त्यांच्या डोक्यात बसून लिहीत होते.

दुसरी ओळ लागली. पंतांना एक शब्द जरा झरझर संपवायचा होता. म्हाताऱ्याची मूठ घाईत नव्हती.

शाई संपत आली, हे पंतांच्या लक्षात यायच्या आत बोरू दौतीत बुडून वरही आला. पंतांच्या मानेला घाम फुटला. मान खाजवावीशी वाटली, तर केदारगीरांनी डाव्या हातानं तीही खाजवली. नेमकी जिथे खाज होती तिथे.

तिसरी ओळ. वेलांटी, अनुस्वार, सगळं जागच्या जागी.

पंतांनी हात हिसडला.

जोर त्यांना वाटला त्याहून जास्त लागला. दौत कलंडली. शाई पत्रावरून वाहत चटईवर उतरली. केदारगीरांचं मनगट ओट्याच्या दगडावर आपटलं आणि लाल झालं.

केदारगीरांनी दौत सरळ केली.

"अक्षर बिघडलं?" केदारगीरांनी विचारलं.

"नाही."

"मजकूर चुकला?"

"नाही. मी हेच लिहिणार होतो."

"मूठ फार आवळली मी?"

"नाही, महाराज."

"मग?"

पंत स्वतःच्याच हाताकडे पाहत राहिले.

"मी पंचेचाळीस वर्षांचा आहे," ते अखेर म्हणाले.

केदारगीर मनगट चोळत होते. पंतांना त्या लाल मनगटाकडे बघवेना. ज्या हातानं आपल्याला अक्षर दिलं त्याच हाताला आपण इजा केली, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पुढे सरकले आणि त्यांनी गुरूच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मला क्षमा करा, महाराज."

खाली खाडीत पाणी पालटू लागलं होतं. पैलतीरावरून जासूद दोन्ही हात हलवून घाई करत होता.

केदारगीरांनी चटईच्या कोरड्या टोकावर एक कोरा कागद ठेवला, बोरू उचलून पंतांच्या हाती दिला आणि स्वतः दोन हात लांब जाऊन बसले.

"क्षमेचं राहू दे, विश्वंभर. आधी हिशोबानं सांग... तुझ्यावर किती स्वार पाठवू?"