हिरवी खूण

"मग माझ्यात कमी काय आहे, सर?"

सौमित्रने उभ्याउभ्याच विचारलं. कंपनीच्या आयटी विभागाचे प्रमुख मुजावर सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. आपल्या जागी कोण, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं आणि सौमित्रला धीर धरवत नव्हता.

"सगळ्या कामाचा बॅकअप मी घेतो. रोज सकाळी पडद्यावर हिरवी खूण. एकदाही चुकलेली नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"त्या बॅकअपमधून कधी काही परत काढून पाहिलंस?"

"गरजच पडली नाही."

सरांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

"तुझं सगळ्यात आवडतं काम दाखव."

सौमित्रने मोठ्या ऐटीत आपला हजेरीचा प्रोग्रॅम उघडला. वर्षभर खपून त्याने तो एकट्याने लिहिला होता. त्याच्याच जिवावर तर स्वारी खुर्ची मागायला आली होती.

सरांनी हात पुढे केला आणि अख्खा प्रोग्रॅम पुसून टाकला.

"आण परत."

सौमित्र हसला. हसतच कीबोर्डपुढे बसला. बॅकअप जागच्या जागी होता. फक्त उघडत नव्हता. कालचा नाही... परवाचाही नाही. हिरवी खूण नक्कल झाल्याची होती. नक्कल उघडते का, हे बघायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तो सरांकडे वळला.

"सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही."

"मग पुसलंत कसं?"

"तुझ्या शब्दावर."

सौमित्रला संताप आला. सरांचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. दुसरा कुणी राजीनामा लिहायला बसला असता. हा बाह्या सरसावून कामाला लागला. बॅकअपची घडी मुळापासून नव्याने बसवली. गेलेला प्रोग्रॅम रात्री जागून, आठवून आठवून ओळीमागून ओळ पुन्हा लिहिला. आणि आता सकाळी हिरवी खूण दिसली, की तो स्वतःच आपलं काहीतरी पुसायचा आणि परत आणायचा. शेजारच्या टेबलांवरचे म्हणाले, म्हाताऱ्याने याला पुरतं खुळं केलं.

महिना सरत आला तेव्हा तो सरांच्या केबिनमध्ये गेला. खुर्चीचं नावही काढलं नाही. प्रोग्रॅम उघडला आणि कीबोर्ड सरांकडे सरकवला.

"पुसा, सर."

सरांनी कीबोर्डला हात लावला नाही.

त्यांनी आपला संगणक त्याच्याकडे वळवला. त्यांच्या सगळ्या नोकरीचं काम त्यात होतं.

"आता माझं पूस."